वास्तववादी शालेय प्रेमकथेचा ॲनिमे मिळमिळीत का वाटतो: कारण शोधायची रीत

ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांतल्या, हायस्कूलच्या साध्यासुध्या प्रेमकथा न आवडलेले लोक बहुतेक वेळा तीन वाक्यांत विषय संपवतात: फार स्लो आहे, काहीच घडत नाही, हिरो भित्रा आहे. अडचण अशी की ही तिन्ही वाक्यं उत्तम मालिकांनाही लागू पडतात. २०१७ सालच्या ‘त्सुकी गा किरेई’मध्ये दोन मुलं एकमेकांसमोर आली की वाक्य पूर्ण करू शकत नाहीत, आणि तरीही ती दोघं एका बाकावर बसली की आपला श्वास अडकतो. मग दुसऱ्या एखाद्या मालिकेत अशीच दोन मुलं, असाच बाक, अशीच संध्याकाळ असताना हात मोबाईलकडे का जातो?

याचं उत्तर सापडतं, पण त्यासाठी क्रमाने जावं लागतं. बहुतेक जण उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी ॲनिमेशनला नावं ठेवतात, मग शेवटावर चिडतात आणि कथेपर्यंत पोचतच नाहीत. खालचा क्रम रिव्ह्यू लिहिणाऱ्यांसाठी, व्हिडिओ करणाऱ्यांसाठी आणि मित्रांशी नीट वाद घालू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

तयारी: पहिला भाग लावण्याआधी

मालिका या मापात बसते का, हे आधी ठरवा. भविष्यातून आलेलं पत्र, शरीरांची अदलाबदल, खोट्या प्रेमाचा करार असं काही असेल तर मोजपट्टी वेगळी. तिथे कथा पुढे सरकवायला ती युक्तीच पुरेशी असते. वास्तववादी मालिकेच्या हातात शाळेचं वेळापत्रक, घर, मित्र, परीक्षा आणि माणसांचे स्वभाव एवढंच असतं. म्हणून ‘तोरादोरा!’सारख्या, विनोदी अतिशयोक्तीवर उभ्या असलेल्या मालिकेशी तिची तुलना करून काही हाती लागत नाही.

मग तीन नोंदी करा. मालिका मूळ पटकथेवर आहे की मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, घेतलेली? भाग किती? आणि मांगावरून असेल तर मालिका प्रसारित होत होती तेव्हा मांगा पूर्ण झाला होता का? या नोंदी सहाव्या टप्प्यात लागतील. सोबत एक हिशेबही मांडून ठेवा. एका हंगामाचे साधारण १२ किंवा १३ भाग असतात. भाग सुमारे २४ मिनिटांचा असतो, त्यातून सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं वजा केलं की उरतात २१ मिनिटं. १२ भागांचे झाले चार तास बारा मिनिटं. दोन माणसांची ओळख, ओढ, दुरावा आणि निर्णय एवढ्यात बसवायचा आहे, हे पाहताना डोक्यात असू द्या.

भाषेचं म्हणाल तर तपासणीसाठी जपानी ऑडिओ आणि सबटायटल हवेत. काही मालिका आता हिंदी डबमध्येही मिळतात. पहिल्यांदा मजेत पाहायला डब छान आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण या प्रकारात अर्धवट तुटलेला शब्द, आत ओढलेला श्वास, उत्तराआधीचा अडखळा यांवर प्रसंग तोललेला असतो, आणि ते मूळ आवाजातच कळतं. सबटायटल वाचतानाही नावं कानाने ऐका. वर्गमित्र एकमेकांना आडनावाने हाक मारतात, आणि पहिल्या नावावर येणं ही नात्यातली मोठी पायरी असते. अहो-जाहोवरून अरे-तुरेवर यायला किती धीर लागतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. इंग्रजी सबटायटल अनेकदा पहिल्या भागापासूनच पहिलं नाव लिहून टाकतात. मग ती पायरी पडद्यावर चढली जाते आणि आपल्याला दिसतच नाही.

पाहण्याचा वेगही ठरवून घ्या. या मालिका आठवड्याला एक भाग अशा बेताने केलेल्या असतात. रविवारी दुपारी बसून बाराच्या बारा भाग संपवले की प्रत्येक भागातलं थांबणं एकावर एक साचतं आणि कथा आहे त्याहून दुप्पट संथ भासते. दिवसाला एक, फार तर दोन.

वहीत चार रकाने आखा: भाग आणि मिनिट, कुणाला काय हवं आहे, काय आड आलं, आणि माझं लक्ष कुठे उडालं. चौथ्या रकान्यात पाहतानाच खूण करा. नंतर आठवून लिहिलेली खूण बहुधा चुकीच्या जागी पडते.

सावधान: तपासणी संपेपर्यंत इतरांची मतं आणि रेटिंग वाचू नका. ‘सातव्या भागानंतर घसरते’ हे एकदा वाचलं की सातवा भाग निर्मळ मनाने पाहता येत नाही.

टप्पा १: कथेचं कॅलेंडर मांडा

जपानी शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं. हायस्कूल तीन वर्षांचं, वय १५ ते १८, म्हणजे आपल्या दहावी ते बारावीच्या आसपास. वर्षातले टप्पे ठरलेले असतात. शैक्षणिक सहल हायस्कूलमध्ये बहुधा दुसऱ्या वर्षी. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या शेवटापर्यंत सुट्टी, शरद ऋतूत शाळेचा सांस्कृतिक महोत्सव, मग नाताळ, जानेवारीच्या मध्यात विद्यापीठ प्रवेशाची सामाईक परीक्षा, १४ फेब्रुवारी, आणि मार्चच्या सुरुवातीला निरोप समारंभ.

प्रत्येक भाग या कॅलेंडरवर कुठे पडतो ते लिहा आणि विचारा: ही तारीख कुणाकडून काही हिरावून घेते का?

२०१७ मधलीच ‘जस्ट बिकॉज!’ घ्या. नायक एइता चार वर्षांनी जुन्या गावी परत येतो तो हायस्कूलच्या तिसऱ्या वर्षी, डिसेंबरच्या तोंडावर. शाळेचे जेमतेम तीन महिने उरलेले. कुणाची नोकरी ठरली आहे, कुणाचा प्रवेश शिफारशीवर पक्का झाला आहे, कुणी अजून पुस्तकांत डोकं घालून बसलं आहे. इथे कुठल्या विद्यापीठाची परीक्षा द्यायची हा प्रश्न म्हणजे उद्या कुणाच्या किती जवळ राहायचं हा प्रश्न होतो. त्यामुळे अभ्यासाच्या टेबलावरचे प्रसंग कथेचा कणा आहेत. त्यांना ‘फिलर’, म्हणजे भरतीचे प्रसंग, म्हणणाऱ्यांनी मालिका अर्धीच पाहिली, असं मी स्पष्ट म्हणेन.

उलट बाजूला अशा मालिका असतात ज्यांत उन्हाळ्यात आतषबाजी, मग समुद्रकिनारा, मग महोत्सवातलं भुताचं घर, मग नाताळची रोषणाई, असं सगळं ओळीने येतं, कारण ते यायला हवं म्हणून.

पडताळा: सण-समारंभाच्या दोन भागांची मनातल्या मनात अदलाबदल करून पाहा. काहीच मोडलं नाही, तर कॅलेंडर फक्त सजावटीला आहे. नोंद करा, निकाल मात्र अजून देऊ नका.

टप्पा २: हवं काय, आड काय, आणि गप्प राहण्याची किंमत काय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मिळमिळीतपणाचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

दोन्ही मुख्य पात्रांसाठी, दर दोन-तीन भागांनी, तीन छोटी वाक्यं लिहा. याला या घडीला काय हवं आहे? आड काय येतं आहे? आणि आज तो बोलला नाही तर उद्या त्याचं काय जाईल?

पहिल्या प्रश्नाला ‘ती हवी आहे’ हे उत्तर चालणार नाही. फार ढोबळ आहे. ‘तिने आपल्याला मित्रांसमोर ओळख द्यावी’ किंवा ‘घरी पोचल्यावर तिचा मेसेज यावा’ अशा बारीक, हातात धरता येणाऱ्या गोष्टी लिहा. ‘त्सुकी गा किरेई’ची मुलं माध्यमिकच्या शेवटच्या वर्षाला आहेत, हायस्कूलच्या एक पायरी खाली, पण धडा इथेच सगळ्यात स्वच्छ दिसतो. पहिल्या भागात दोन्ही कुटुंबं योगायोगाने एकाच रेस्टॉरंटमध्ये जेवायला येतात. कोतारो आणि आकाने यांना त्या क्षणी प्रेमबीम काही नको आहे. आपल्या आई-बाबांनी वर्गातल्या मुलासमोर, मुलीसमोर आपली शोभा करू नये, एवढंच हवं आहे. मागणी इतकी लहान आहे म्हणूनच ती खरी वाटते, आणि दोघांची मागणी एकच आहे म्हणून त्यांच्यात पहिला धागा जुळतो.

दुसऱ्या प्रश्नाचं सगळ्यात जास्त चुकणारं उत्तर म्हणजे ‘तो लाजाळू आहे’. लाजाळूपणा हा स्वभाव झाला. आड येणारी गोष्ट त्याहून नेमकी हवी: कुणासमोर, कशाबद्दल, कशाच्या भीतीने? ‘किमी नि तोदोके’ (२००९) मधली सावाको घ्या. भयपटातल्या भुतासारखी दिसते म्हणून वर्गात तिला भलत्याच नावाने हाक मारतात, तिच्याशी नजर मिळवली तर वाईट होतं अशा अफवा पसरलेल्या असतात. ती मागे सरते कारण आपल्यासोबत दिसल्याने समोरच्याचं नाव खराब होईल, असं तिला मनापासून वाटतं. आता तिच्या प्रत्येक गप्प बसण्यात दुसऱ्याची काळजी आहे. प्रेक्षकाला राग येत नाही, तिला हाताला धरून वर्गात न्यावंसं वाटतं. पुढे अफवांची धार गेली, मैत्रिणी मिळाल्या, आणि तरीही २०११ च्या दुसऱ्या हंगामात दोघं काही भाग दुरावलेली राहतात. तिथे ताण पातळ होतो असं माझं मत आहे, कारण आड येणारी भिंत खचलेली असते आणि पात्रं मात्र ती उभीच असल्यासारखी वागतात. मालिका तीच, पात्रं तीच, संथपणाही तोच. बदलतं ते फक्त न बोलण्यामागचं कारण.

गैरसमजावर उभ्या असलेल्या प्रसंगांसाठी एक साधी चाचणी आहे. हा गैरसमज एका फोनने मिटला असता का? मिटला असता तर पात्राने तो फोन का केला नाही, याचं उत्तर मालिका देते का? ‘त्सुकी गा किरेई’मध्ये दोघांच्या हातात मोबाईल आहे, मेसेज सतत चालू आहेत. सहलीला गेल्यावर मात्र कोतारोचा मोबाईल शिक्षक जप्त करतात, आणि भेट ठरवायला त्याला दुसऱ्या मुलीचा फोन मागावा लागतो, जी मुलगी स्वतःच त्याच्यात गुंतलेली आहे. अडथळा शाळेच्या नियमातून आला आणि त्याची किंमत तिसऱ्याच व्यक्तीने मोजली. ढिसाळ मालिकेत याच जागी मुलगा दुरून दोघांना बोलताना पाहतो, वळतो आणि तीन भाग रुसून बसतो.

तिसरा प्रश्न, किमतीचा, लोक बहुतेक वेळा गाळतात. वास्तववादी कथेत कुणी मरत नाही, जग बुडत नाही. म्हणून किंमत लहान असली तरी दिसायला हवी: शेजारची रिकामी खुर्ची, दुसऱ्याबरोबर गेलेली संध्याकाळ, भरलेला आणि आता बदलता न येणारा अर्ज. आज नाही बोललो तर उद्या बोलू, आणि उद्याही सगळं असंच असेल, अशी स्थिती तीन भाग टिकली की प्रेक्षकाचा हात मोबाईलकडे जातोच.

पडताळा: तीन वाक्यांपैकी एखादं सलग तीन भाग न बदलता उतरवावं लागलं का? लागलं असेल तर त्या भागांचे क्रमांक गोल करून ठेवा.

सावधान: नायक आपल्याला आवडत नाही आणि नायकाचं वागणं समजत नाही, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरी मालिकेवर जाते, पहिली बहुधा आपल्यावर.

टप्पा ३: कबुलीची जागा पाहा

जपानी शालेय प्रेमकथेत ‘मला तू आवडतेस, माझ्याशी नातं जोडशील का’ ही तोंडी कबुली जवळजवळ विधीसारखी असते. ती झाल्याखेरीज नातं सुरू झालं असं कुणी मानत नाही. ती कितव्या भागात आहे ते लिहा, आणि त्याखाली लिहा: तिच्यानंतर मालिकेपुढे कुठला प्रश्न उरतो?

‘त्सुकी गा किरेई’त कोतारो तिसऱ्या भागाच्या शेवटी विचारतो. अजून नऊ भाग बाकी! पुढचा प्रश्न अधिक कठीण आहे: जोडी झालो, आता करायचं काय? कुणाला सांगायचं, शाळेत कुठे भेटायचं, आणि वडिलांची बदली होऊन आकानेचं घर चिबाला हलणार असेल तर? कबुली लवकर दिल्यामुळे मालिकेला आडपडद्याच्या कसरती कराव्या लागत नाहीत.

कबुलीचं उत्तर शेवटपर्यंत लांबवणं हा आपोआप दोष होत नाही. ‘तामाको लव्ह स्टोरी’ (२०१४) या चित्रपटात मोचिझो बऱ्याच आधी बोलून मोकळा होतो आणि उरलेला चित्रपट तामाकोच्या उत्तराची वाट पाहतो. तरी तो ताणतो, कारण लहानपणापासून समोर राहणारा हा मुलगा शाळा संपली की टोकियोला जाणार आहे, आणि तिला आपलं रोजचं जग बदललेलं सोसवत नाही. वाट पाहण्याच्या काळात ती बदलते आहे का, हे बघायचं. नुसतीच वाट पाहते आहे, असं दिसलं तर तसं लिहा.

टप्पा ४: शांततेची तपासणी

आता कुठे चित्राकडे आणि आवाजाकडे या. संवाद नसलेले किंवा अगदी कमी संवादाचे तीन प्रसंग निवडा. प्रत्येक प्रसंग आधी आवाज बंद करून पाहा, मग पडद्याकडे न पाहता फक्त ऐका.

आवाज बंद असताना शोधा: सुरुवातीपासून शेवटापर्यंत काय हललं? दोघांमधलं अंतर, पावलांची दिशा, हातातली वस्तू. आकाने घाबरली की एक छोटं मऊ खेळणं मुठीत दाबत राहते. पुढे ते खेळणं कुठे आहे, कुणाच्या हातात आहे, यावरून तिची मनःस्थिती न सांगता कळते. तामाको बॅटन (कवायतीत फिरवायची, उडवून झेलायची काठी) फिरवते आणि तिला तो झेलता येत नाही. झेलणं ही क्रिया चित्रपटभर तिच्या मनाचं माप होऊन राहते. दिग्दर्शिका नाओको यामादा यांच्या कामात पाय आणि हात चेहऱ्याइतकंच बोलतात, हे इथे पाहण्यासारखं आहे. ज्या मालिकेत अशी एकही वस्तू, एकही हालचाल सापडत नाही आणि शांतता म्हणजे फक्त विजेचे खांब, रेल्वेचं फाटक आणि संध्याकाळचे ढग, तिथे शांतता रिकामी आहे.

फक्त ऐकताना पार्श्वसंगीताकडे लक्ष द्या. पियानो प्रसंगाच्या आधीच ‘आता गहिवरा’ असं सांगत असेल तर चित्राने स्वतः काही कमावलेलं नाही. मनातलं बोलणं ऐकू येत असेल तर ते चेहऱ्यावर दिसतंय तेच पुन्हा सांगतंय का, हेही तपासा. दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तर प्रसंगावर दिग्दर्शकाचाच विश्वास नाही.

इथे तांत्रिक बाब समजून घेणं गरजेचं आहे. टीव्ही ॲनिमेत सेकंदाला २४ फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेमला नवं चित्र नसतं. एकच चित्र बहुधा दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवतात. तलवारीच्या झुंजीत हे खपतं, वेग आणि धूळ उणीव झाकते. बॅग खांद्यावर सरकवणं, छत्री मिटणं, लिहिता लिहिता थबकणं या हालचाली आपण रोज करतो, म्हणून त्यात रेघभर चूक झाली तरी डोळ्याला खटकते. वास्तववादी प्रेमकथा काढायला सोपी असेल असं वाटतं, प्रत्यक्षात ती चित्रकाराची कठोर परीक्षा घेते. खर्चात हात आखडला की चेहरे स्थिर होतात, फक्त ओठ हलतात, आणि ज्या प्रकारचं सगळं भांडवल बारीक हालचालीत आहे त्याचं भांडवलच जातं.

सावधान: स्थिर चित्र दिसलं की ‘बजेट नव्हतं’ असा शिक्का मारू नका. हिदेआकी आन्नो यांच्या ‘कारेशी कानोजो नो जिजो’मध्ये (१९९८) स्थिर चित्रं, पडद्यावरचा मजकूर, एका भागात तर चक्क काड्यांवर चिकटवलेली कागदी पात्रं आहेत, आणि त्यातले कितीतरी प्रसंग जिवंत आहेत. उलट ‘त्सुकी गा किरेई’त मागे चालणारी गर्दी संगणकावर केलेली आहे आणि ती अवघडल्यासारखी हलते. तिने मालिका बुडवली नाही, कारण आपले डोळे त्या दोघांवरून हलत नाहीत.

टप्पा ५: बाकीची माणसं

हा टप्पा छोटा आहे. तिसऱ्या कोनात उभ्या असलेल्या मुलीचं किंवा मुलाचं नाव लिहा आणि प्रेम वगळून तिला काय हवं आहे ते सांगा. ‘जस्ट बिकॉज!’मधल्या कोमियाला फोटोग्राफी क्लब वाचवायचा आहे. त्यासाठी तिने टिपलेला एइताचा फोटो स्पर्धेला पाठवायला हवा, आणि म्हणून ती त्याच्या मागे लागते. तिचं गुंतणं त्या कामातून उगवतं, त्यामुळे ती हरेल असा अंदाज असूनही आपण तिच्या बाजूला झुकतो. तिला काढून टाकलं तर मालिका लंगडी होईल. ज्या मालिकेत तिसरी व्यक्ती नकार मिळताच पुढच्या भागात हसत टाळ्या वाजवणाऱ्या मैत्रिणींत सामील होते, तिथे ती व्यक्ती नव्हतीच, फक्त अडथळा होता.

आई-वडील पडद्यावर नसणं ही या प्रकारातली जुनी सवय आहे. ते नसल्याने काही कमी पडलं का, एवढंच पाहा. नसेल पडलं तर सोडून द्या.

टप्पा ६: रूपांतराचा हिशेब वेगळा ठेवा

तयारीतल्या नोंदी आता काढा. ‘शेवट लोंबकळत ठेवला’ आणि ‘मालिका मिळमिळीत आहे’ या तक्रारी लोक एकात मिसळतात, आणि त्याने चांगल्या मालिकांवर अन्याय होतो.

‘आओ हारू राईड’ २०१४ मध्ये १२ भागांत आली तेव्हा मांगा चालूच होता. तो २०१५ मध्ये १३ खंडांवर थांबला. साहजिकच ॲनिमे नात्याच्या मध्यावर संपतो. भागाभागातले प्रसंग पकडून ठेवत असतील आणि शेवटीच हात रिकामे राहत असतील, तर तो अपुरेपणा आहे. ‘होरिमिया’ची (२०२१) गत वेगळी. १६ खंडांची कथा १३ भागांत शेवटापर्यंत न्यायची म्हणून मधलं खूप काही गळलं, आणि गाळलेल्या गोष्टी घेऊन २०२३ मध्ये आणखी १३ भाग करावे लागले. तिथे आपल्याला जाणवतो तो घाईचा तुटकपणा: पात्र कुणाशी मैत्री करून बसलंय आणि ती मैत्री कधी झाली, हे आपण पाहिलेलंच नसतं. गंमत अशी की हा तुटकपणाही प्रेक्षक ‘बोअर झालं’ अशाच शब्दांत सांगतो.

पडताळा: मध्यावरचा कुठलाही एक भाग पुन्हा पाहा. प्रसंगाला जागा मिळाली आहे पण तो पोकळ आहे, की प्रसंग भरीव आहे पण त्याला जागाच मिळालेली नाही? पोकळ निघाला तर टप्पा २ कडे परत जा. जागाच मिळाली नसेल तर दोष हिशेबात आहे, आणि लिहिताना तसं लिहा.

टप्पा ७: लक्ष उडालं त्याच्या आधीची पाच मिनिटं

चौथ्या रकान्यातल्या खुणा आता मोजा. एखादी सुटी खूण असेल तर सोडून द्या, भूक लागली असेल, दारावर कुणी आलं असेल. जिथे दोन-तीन खुणा जवळजवळ पडल्या आहेत तिथे या.

बहुतेक जण खूण पडली तो प्रसंग दोषी धरतात. त्याच्या आधीची पाच मिनिटं पाहा, आणि गरज पडली तर आधीचा भागही. कंटाळा उशिरा पोचतो. प्रश्नाचं उत्तर मिळून गेलेलं असतं, किंवा आड येणारी गोष्ट नकळत बाजूला झालेली असते. प्रेक्षक थोडा वेळ विश्वासाने थांबतो, मग त्याचा धीर सुटतो. टप्पा २ मध्ये गोल केलेले क्रमांक आणि या खुणा शेजारी ठेवल्या की दोन्ही एकाच ठिकाणी पडलेले अनेकदा दिसतील. तसं दिसलं तर कारण सापडलं.

आणखी एक प्रामाणिक प्रश्न याच टप्प्यावर विचारायचा. मला मनातून वेगळी जोडी जुळायला हवी होती का? ‘जस्ट बिकॉज!’च्या बाबतीत कोमियाचा पक्ष घेणारे पुष्कळ जण शेवट ‘फसला’ म्हणतात. आपली बाजू हरल्याचं दुःख खरं आहे, त्याची लाज बाळगू नये. पण ते पटकथेचा दोष म्हणून मांडायचं असेल तर एइताच्या निवडीला आधीच्या भागांत आधार नाही, हे प्रसंगांसकट दाखवावं लागेल.

टप्पा ८: आता लिहा

एका वाक्यात निदान लिहा, त्यात चार गोष्टी हव्यात: भाग, पात्राची इच्छा, आड येणारी गोष्ट, आणि ती कुठे ढिली पडली.

असं नको: ‘मधले भाग फार रटाळ आहेत, दोघं बोलतच नाहीत.’

असं हवं: ‘पाचव्या भागात मुलाला कळतं की मुलीला दुसरं कुणी आवडत नाही. त्याला अडवणारी एकमेव शंका तिथे मिटते. तरी आठव्या भागापर्यंत तो थांबतो आणि का थांबतो, हे मालिका दाखवत नाही. म्हणून सहलीचा सातवा भाग सुंदर काढलेला असूनही हलवून जात नाही.’ (उदाहरण काल्पनिक आहे.)

या दुसऱ्या मांडणीशी कुणी असहमत झालं तर त्याला सातवा भाग उघडून पुरावा द्यावा लागेल, आणि वाद तिथूनच रंगतो. निदानानंतर चित्र, आवाज, संगीत यांबद्दल लिहा, आणि शेवटाबद्दल सगळ्यात शेवटी. जमलेला एक तरी प्रसंग मिनिटासकट नोंदवा. फसलेल्या मालिकेतही एखादं बाकावरचं बोलणं, एखादा अडखळलेला निरोप कुणीतरी जीव ओतून काढलेला असतो.

कबुली कितव्या भागात आहे आणि कोण कुणाला निवडतं, हे शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात येऊ देऊ नका. या प्रकारात दुसरं रहस्य नसतं, आणि ते तुम्ही फोडलंत तर वाचणाऱ्यासाठी तुमच्या हातूनच मालिका मिळमिळीत होईल.

सगळे टप्पे करूनही कारण सापडलं नाही, इच्छा स्पष्ट आहे, अडथळा खरा आहे, शांतता भरलेली आहे, आणि तरीही मन लागलं नाही, तर ओढूनताणून दोष काढू नका. ‘मालिका घट्ट बांधलेली आहे, मला भिडली नाही’ असं सरळ लिहा आणि कुठल्या वाचकाला ती भिडेल, ते सांगा.